घराच्या संरक्षक भिंतीमागील भराव व पाण्याचा निचरा



कोकणात व घाटमाथ्यावर सपाट जागा कमी असते. त्यामुळे डोंगरउतार कापून घर, खळे व गोठा यांसाठी जागा करावी लागते आणि कापलेली माती धरून ठेवण्यासाठी भिंत बांधावी लागते. पुष्कळ वाड्यांत जुना, दगडांचा कोरडा गडगा वर्षानुवर्षे उभा दिसतो. सिमेंटमध्ये बांधून गिलावा केलेल्या नव्या भिंतीला मात्र काही पावसाळ्यांतच पोट येते. याचे कारण साधे आहे. गडग्याच्या फटींतून पाणी निघून जाते, तर सिमेंटच्या भिंतीमागे ते कोंडते. अशा भिंती बहुधा मातीच्या नव्हे, तर कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने पडतात.

भिंतीवर भार किती येतो?

समजा, २ मीटर उंच भिंतीमागे कोरड्या मुरमाचा भराव आहे. अशा भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे १.२ टन आडवा दाब येतो. हाच भराव वरपर्यंत पाण्याने भरला, तर दाब २.६ टनांच्या वर जातो. त्यापैकी जवळजवळ २ टन दाब एकट्या पाण्याचा असतो. उंची दुप्पट झाली, तर दाब चौपट होतो. पाणीही थोडेथोडके नसते. १० मीटर लांब व १० मीटर रुंद खळ्यावर एका दिवसात १०० मि.मी. पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी जमा होते.

भरावासाठी काय वापरावे?

काळी चिकण माती भरावात कधीही वापरू नये. ती पावसात फुगून भिंत ढकलते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते. पालापाचोळा, झाडांची खोडे व शेणखतमिश्रित मातीही टाळावी. भराव पुढीलप्रमाणे करावा :

१) भिंतीला लागून ३० ते ४५ सें.मी. रुंदीचा, पायापासून वरपर्यंत, ४० मि.मी. आकाराच्या खडीचा किंवा कठीण दगडाच्या तुकड्यांचा थर द्यावा.

२) त्यामागे १५ सें.मी. जाड रेती किंवा बारीक खडी भरावी. हा थर मातीचे कण गाळतो. तो नसेल तर माती खडीत शिरून निचरा बंद पडतो. रेती मिळत नसल्यास जिओटेक्स्टाइल कापड वापरावे. प्लॅस्टिकचा कागद चालत नाही, कारण तो पाणी अडवतो.

३) त्यामागे निचऱ्याचा मुरूम १५ ते २० सें.मी. च्या थरांनी टाकावा व प्रत्येक थर धुम्मस करून दाबावा. भिंतीजवळ जड रोलर फिरवू नये.

४) सर्वात वर ३० सें.मी. घट्ट माती दाबून बसवावी. तिचा उतार भिंतीकडे न ठेवता बाजूच्या चराकडे ठेवावा.

पाण्याला वाट

भिंत बांधतानाच ७५ ते १०० मि.मी. व्यासाचे पाइपाचे तुकडे बसवावेत. गवंडी त्यांना वीप होल म्हणतात. खालची ओळ बाहेरील जमिनीपासून सुमारे १५ सें.मी. वर ठेवावी. आडवे व उभे अंतर १ ते १.५ मीटर असावे आणि पाइपांना बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा. आतील तोंडाशी मोठे दगड रचावेत. गिलावा करताना ही तोंडे बुजणार नाहीत याकडे स्वतः लक्ष द्यावे. बाहेर आलेले पाणी पायाशी साचू न देता पक्क्या गटारातून दूर न्यावे. डोंगराकडून येणारे पाणी भरावापर्यंत पोहोचण्याआधीच वरच्या बाजूस चर खणून वळवावे. पागोळ्यांचे पाणी, गोठा धुतलेले पाणी व शोषखड्डा भरावाच्या जवळ येऊ देऊ नये.

पाया व उंची

पाया कठीण मुरमावर किंवा कातळावर घ्यावा. दगडी भिंतीची तळाशी रुंदी उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी नसावी. कोरडा गडगा १ मीटरपर्यंतच ठेवावा. भिंत १.५ मीटरपेक्षा उंच असेल किंवा तिच्या माथ्याजवळ घर वा पाण्याची टाकी येणार असेल, तर स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा. शक्य असल्यास एका उंच भिंतीऐवजी दोन बुटके टप्पे करावेत. वरची भिंत खालच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतराने मागे घ्यावी.

धोक्याच्या खुणा

पावसाळ्यापूर्वी छिद्रे सळईने साफ करावीत आणि सांध्यांत उगवलेली वड-पिंपळाची रोपे लहान असतानाच काढावीत. भर पावसात छिद्रे कोरडी राहिली, तर ती तुंबली असण्याची शक्यता असते. गढूळ पाणी सतत येत असेल, तर आतील माती वाहून जात आहे. भिंतीला पोट आले किंवा तिच्या मागे समांतर भेग पडली, तर त्याच वेळी खालील माणसे व जनावरे हलवावीत. पाऊस चालू असताना भिंतीच्या पायाशी खणू नये. मुंबईत मालाडच्या पिंपरीपाडा येथे २ जुलै २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर मुसळधार पावसात संरक्षक भिंत वस्तीवर कोसळून अनेकांचे प्राण गेले.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. माळीण (२०१४) व तळीये (२०२१) येथे डोंगरच खाली आला. अशा दरडीपुढे घराची भिंत टिकत नाही, तेथे जागा बदलणे हाच उपाय असतो. घराच्या लहान भिंतीचे मात्र तसे नाही. खडी, रेती व पाइप यांचा खर्च बांधकामाच्या वेळीच करावा. भराव झाल्यावर तोच निचरा करायचा म्हटले, तर आधी सगळा भराव उपसावा लागतो.