भामरागडला जाताय? आधी महिना बदला

प्रश्न : सीताबर्डीतल्या आमच्या कॉलेजचे वीस जण ऑगस्टमध्ये भामरागडला सेवाशिबिराला जाणार आहोत. मलेरियासाठी काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी महिना बदला. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढते, रस्ता तुटतो आणि मदतीला गेलेलेच अडकून पडतात. हिवाळ्यात जा. आता मलेरियाचं : भामरागड ज्या गडचिरोली जिल्ह्यात आहे, तिथे फाल्सिपेरम जातीचा मलेरिया बराच. तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मलेरियाचे डास रात्री चावतात, तेव्हा सीताबर्डीवरून माणशी एक मच्छरदाणी घ्या. दोघांत एक चालणार नाही! प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. परतल्यावर महिना-दीड महिन्यात ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा, कुठे गेला होतात तेही सांगा. सेवेचं म्हणाल, तर भामरागडजवळच्या हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून तिथे आहे. काय हवंय ते त्यांनाच विचारा. जुन्या कपड्यांची गाठोडी घरीच राहू द्या.