जुना कंपनी-लॅपटॉप घेताना काय पाहावे?



या पानावर आपण बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी नेहमी बोलतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. उंद्री आणि आजूबाजूच्या गावांत शिवारफेरीला गेलो की ऊस पाहून झाल्यावर बांधावर एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, पोरीले कॉलेजात लॅपटॉप लागते म्हन्ते. नवा घ्यायची ऐपत नाही. जुना घेतला तं फसन तं नाही ना?"

प्रश्न रास्त आहे. उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज, खताची उधारी आणि घरखर्च वजा जाता हातात जे उरते, त्यातूनच मुलांचे शिक्षण करायचे असते. तेथे पंधरा-वीस हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. ती एकदा बुडाली तर त्या वर्षी दुसऱ्यांदा उभी राहत नाही. म्हणून हा पाठ.

आपल्या भाषेत सांगायचे तर जुना लॅपटॉप म्हणजे खोडवा. नांगरट वाचते, बेण्याचा खर्च वाचतो, पीक कमी पैशात हाती येते. पण मूळ लागण चांगली असेल आणि तूट वेळीच भरली असेल, तरच खोडवा साधतो. लॅपटॉपचेही तसेच आहे. जुन्यातला मूळचा दणकट कोणता आणि त्यातली तूट कशी ओळखायची, एवढे कळले म्हणजे झाले.

१. आधी काम ठरवा

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचे उदाहरण घ्या. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या तेथील सहकारी परिवारात १९९८ साली केंद्र व राज्य सरकारच्या मदतीने 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगली भागातील सुमारे ७० गावांत संगणक पोचवायचे, असा बेत होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तेथे जाऊन पाहिले. शेतकरी त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊस किती गेला, खत किती उचलले अशा कारखान्याच्या नोंदींसाठी करीत होते. यंत्रांची देखभाल मात्र महाग पडत होती. मग सात गावांत तेच काम मोबाईलच्या लघुसंदेशावर करून पाहिले आणि ते जमले.

यातून आपण काय घ्यायचे? ऊस नोंद, बिल, सात-बारा, हवामान, बाजारभाव एवढ्यासाठी लॅपटॉप घेऊ नका. हातातला मोबाईल पुरे आहे. लॅपटॉप लागतो तो लांबलचक लिहिण्यासाठी, हिशोबाच्या तक्त्यांसाठी, प्रोजेक्टसाठी, प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी. मुलाच्या किंवा मुलीच्या कॉलेजात कोणते सॉफ्टवेअर शिकवतात ते एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घेऊनच दुकानात जा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., डी.एड., संगणक पदविका यांना साधे यंत्र चालते. इंजिनियरिंगमध्ये जड त्रिमिती चित्रांचे काम असेल, तर कॉलेजात विचारल्याशिवाय जुने यंत्र घेऊ नये.

२. कंपनी-लॅपटॉप म्हणजे काय?

बँका, सॉफ्टवेअर कंपन्या आणि मोठी कार्यालये आपल्या नोकरांसाठी एकदम शेकडो लॅपटॉप घेतात. काही विकत, काही भाड्याने. साधारण तीन ते पाच वर्षांनी ते सगळे एकदम बदलतात. उतरवलेली यंत्रे व्यापारी गठ्ठ्याने उचलतात, पुसून-दुरुस्त करून विकतात. पुणे-मुंबईहून हा माल आपल्याकडच्या शहरांपर्यंत येतो.

या यंत्रांची जात वेगळी असते. लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड आणि एचपीचा एलिटबुक ही त्यातली प्रमुख घराणी. थिंकपॅड मूळचा आयबीएम कंपनीचा, १९९२ सालचा. २००५ साली आयबीएमचा हा धंदा लेनोव्होने घेतला. रोज आठ-दहा तास वापर होणार हे धरूनच ही यंत्रे बांधलेली असतात. बिजागरी मजबूत, कळफलक टिकाऊ. बहुतेक मॉडेल स्क्रू काढून उघडता येतात आणि बॅटरी, मेमरी, डिस्क बदलता येते. सुटे भागही मिळतात.

त्याच पैशात नवा मिळणारा अगदी स्वस्त लॅपटॉप दिसायला चकचकीत असतो, पण त्याचा प्रोसेसर बहुधा हलका असतो आणि पुष्कळदा मेमरी बोर्डालाच झाळलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. नव्याला वॉरंटी मिळते हा त्याचा मोठा फायदा, तो नाकारू नये. तरीही काम रोजचे आणि पैसा थोडा असेल, तर तपासून घेतलेला जुना कंपनी-लॅपटॉप जास्त दिवस साथ देतो. फार पातळ मॉडेल मात्र टाळा. त्यांतही मेमरी झाळलेली असू शकते.

३. वय कसे ओळखावे?

ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, नीट समजून घ्या. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढे चालायची ती विंडोज ११. मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल तरच तिथे विंडोज ११ बसते. सुरक्षेची टीपीएम २.० ही सोयही यंत्रात लागते.

पिढी ओळखणे सोपे आहे. प्रोसेसरचे नाव 'आय ५-८३५० यू' असे असते. रेघेनंतरचा पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. 'आय ५-७३०० यू' असेल तर सातवी, ती आपल्याला नको. 'आय ५-१०२१० यू' असे पाच आकडे असतील तर पहिले दोन धरायचे, म्हणजे दहावी पिढी. आठव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ पासून बाजारात आले.

मॉडेलच्या नावावर विश्वास ठेवू नका. एकाच मॉडेलमध्ये सातवी आणि आठवी अशा दोन्ही पिढ्या आलेल्या आहेत. शिवाय काही विक्रेते जुन्या पिढीच्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ बसवून देतात. आज ती चालते, उद्या सुधारणा मिळेलच याची खात्री नाही. म्हणून स्क्रीनवर विंडोज ११ दिसली तरी प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचा. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडले की तो दिसतो.

मेमरी किमान ८ जीबी असावी. डिस्क एसएसडी जातीचीच असावी, २५६ जीबी पुरते. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेले यंत्र चालू व्हायलाच मिनिटे घेते. घरात सातव्या पिढीचे यंत्र आधीच असेल तर ते फेकू नका. लिनक्स ही फुकट प्रणाली बसवून अभ्यासापुरते पुष्कळ दिवस वापरता येते. फक्त कॉलेजचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी विचारा.

४. कुलूप तपासा

आपल्या गटातील एका सभासदाने मुलीच्या पदविका प्रवेशासाठी बाहेरगावाहून स्वस्तात लॅपटॉप आणला. महिनाभर उत्तम चालला. पुढे काही बिघाडामुळे विंडोज नव्याने बसवली आणि नेट जोडताच पडद्यावर एका कंपनीचे नाव येऊन तिचा पासवर्ड मागू लागला. यंत्र त्या कंपनीच्या वहीतून कमी झालेलेच नव्हते. विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. बिल नव्हते. पोरीने ते सत्र मैत्रिणीच्या यंत्रावर काढले आणि पैसे गेले ते गेलेच.

म्हणून पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी करून घ्याच.

पहिली, विक्रेत्याला आपल्यासमोर यंत्र 'रीसेट' करायला सांगा आणि आपल्या मोबाईलचे नेट जोडून ते नव्याने सुरू करा. कोणत्याही कंपनीचे नाव किंवा लॉगिन आले तर उठून चालू लागा. याला तास-दीड तास लागतो, लागू द्या. बैल घेताना आपण अर्धा दिवस बाजारात थांबतो, मग येथे घाई कशाला?

दुसरी, यंत्र चालू होताना बायोसमध्ये शिरून पाहा. लेनोव्होत एफ १, डेलमध्ये एफ २, एचपीत एफ १० ही कळ असते. तेथे पासवर्ड मागितला तर ते यंत्र नको. काही यंत्रांत तो पासवर्ड विसरला तर मुख्य बोर्ड बदलण्यापर्यंत पाळी येते.

५. बाकीची तपासणी

१) बॅटरी. विक्रेत्याला 'बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा' म्हणा. विंडोजमध्ये ती सोय आहे. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे असतात. समजा मूळ ५०,००० आणि आज ३०,०००, तर बॅटरी ६० टक्के उरली. ७० टक्क्यांच्या वर असेल तर चांगली. ५० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत यंत्राच्या किमतीतून कमी करून मागा.

२) फुगवटा. यंत्र सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगत असेल, किंवा बोट फिरवायची पट्टी वर उचललेली असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. तिला आग लागू शकते. असे यंत्र घरात आणू नका.

३) डिस्क. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर एसएसडीची तब्येत टक्क्यांत दाखवते. तेवढे चालवून बघा.

४) पडदा. पांढरे आणि काळे चित्र पूर्ण पडद्यावर लावून डाग, रेघा पाहा. झाकण हळूहळू चार वेळा उघडझाप करा. पडदा लुकलुकता कामा नये.

५) कळफलक. मुलीलाच टाईप करायला लावा, प्रत्येक कळ दाबून बघू द्या.

६) सर्व खाचा. पेनड्राइव्ह प्रत्येक खाचेत घालून पाहा. वायफाय, कॅमेरा, माईक, आवाज तपासा.

७) गरमी. अर्धा तास व्हिडिओ चालवा. पंखा घरघरत असेल किंवा यंत्र आपोआप बंद पडत असेल तर नको.

८) चार्जर. त्याच कंपनीचा, योग्य वॅटचा, वायर न फाटलेला असावा.

९) विंडोज. 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲक्टिव्हेशन' पाहा. ती अधिकृत चालू झालेली दिसली पाहिजे.

६. कागद आणि पैसा

बिल घ्याच. बिलावर दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांक आणि यंत्राचा सिरियल नंबर हवा. तो नंबर यंत्राच्या पाठीवरच्या नंबराशी जुळवून पाहा. वॉरंटी किती महिन्यांची, कशाकशाची आणि बॅटरी त्यात आहे की नाही, हे लिहून घ्या. तोंडी वॉरंटीवर कोणी उभे राहत नाही. बिल नाही म्हणून दोन हजार कमी, असे कोणी म्हणाले तर ते दोन हजार पुढे फार महाग पडतात. माल चोरीचा निघाला तर त्रास वेगळाच.

सगळे पैसे यंत्रात घालू नका. समजा आपली ऐपत २०,००० रुपयांची आहे. मग १६,००० पर्यंतचे यंत्र पाहा. अडीच-तीन हजार पुढे-मागे लागणाऱ्या बॅटरीसाठी किंवा मेमरीसाठी ठेवा. उरलेल्यात आतील साफसफाई आणि एक चांगला पेनड्राइव्ह येतो. भाव सारखे हलतात, म्हणून चिखली, खामगाव, बुलढाणा अशा दोन-तीन ठिकाणी विचारून मगच ठरवा. जाण्या-येण्याचा खर्च आणि बिघाड झाल्यास परत जाण्याचे अंतरही हिशोबात धरा. जवळचे दुकान पाचशेने महाग असले तरी पुष्कळदा तेच स्वस्त पडते.

७. घरी आणल्यावर

गादीवर, गोधडीवर ठेवून चालवू नका, खालची हवा कोंडते. आपल्याकडे धूळ फार, म्हणून वर्षातून एकदा आतला पंखा साफ करून घ्या. विजेचा दाब सतत कमी-जास्त होत असेल तर चार्जर चांगल्या सर्ज-रक्षक बोर्डावर लावा. वीज कडाडत असेल तेव्हा पिन काढून ठेवा. अभ्यासाच्या फाइलींची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर दर आठवड्याला काढायची सवय मुलांना लावा. खराब झालेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, चुलीजवळ तर मुळीच नको. ती अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

थोडक्यात, खिशात ठेवायचे मुद्दे

- काम आधी, यंत्र नंतर.
- आठवी पिढी किंवा पुढे, ८ जीबी मेमरी, एसएसडी.
- समोर रीसेट करून, नेट जोडून, कुलूप नाही याची खात्री.
- बॅटरी रिपोर्ट पाहूनच भाव.
- सिरियल नंबर लिहिलेले बिल.
- थोडे पैसे मागे शिल्लक.

यातील एक जरी गोष्ट विक्रेता करू देत नसेल, तर ते यंत्र सोडून द्यावे. बाजारात दुसरे मिळते. रोगट बेणे स्वस्त मिळाले म्हणून आपण लावत नाही, त्यातलाच हा प्रकार.

हे पान कापून मुलांच्या हाती द्या. इंग्रजी अक्षरे ती वाचतील, भाव तुम्ही करा. दोघे मिळून गेलात तर फसण्याची भीती पुष्कळ कमी होते. काही शंका राहिल्यास गट कार्यालयात जरूर विचारावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी