गावची, पण परदेशी

गावात मला अजून आजोबांच्या नावाने ओळखतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मात्र मी परदेशी नागरिक. ब्रिटनच्या इस्पितळांत नर्स म्हणून हयात गेली, मधे कधीतरी तिथला पासपोर्ट घेतला, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे त्या दिवशी इथलं नागरिकत्व सुटलं. हातात राहिलं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड. निवृत्तीनंतर मालवण किनाऱ्यावर राहायचं ठरलं, तेव्हा या कार्डावर काय होतं आणि काय होत नाही हे सांगायला पुष्कळ जण पुढे आले. बहुतेकांनी चुकीचं सांगितलं. त्यात लबाडी थोडी आणि माया जास्त होती. "तू आपलीच मगे, तुका कोण इचारतलो?" हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं की तोच कायदा वाटायला लागावा.

मला दाखवली गेली ती देवबागच्या बाजूची माडांची वाडी. पन्नासेक माड, विहीर, एक जुनं चिरेबंदी घर, पलीकडे समुद्राची गाज. नकार द्यायला कारणच दिसत नव्हतं. कारण सातबाऱ्यावर होतं. जमीन बागायत. परकीय चलनाचा कायदा, ज्याला सगळे फेमा म्हणतात, अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डवाल्याला घर, फ्लॅट, गाळा, बिनशेती प्लॉट हवे तितके घेऊ देतो. शेतजमीन, मळा-बागायत आणि फार्महाऊस मात्र विकत घेऊ देत नाही. दलाल म्हणाला, "एनए मागाहून होता, आधी साठेखत करूया." बिनशेतीचा आदेश आधी हातात यावा, मग खरेदीखत. उलट क्रमाने गेलात तर तुम्ही जे विकत घेताय ते घ्यायला तुम्हाला मुळात बंदीच आहे.

इथे लोक दोन कुलपं एकच समजतात. कुळकायद्याचं कलम ६३ म्हणतं, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. वडिलांचं नाव सातबाऱ्यावर असल्याने शेतकरी असल्याचा दाखला मला मिळू शकतो, म्हणून सगळे खूश. पण तो दाखला राज्याचं कुलूप उघडतो, फेमाचं नाही. माझा मामेभाऊ मस्कतहून परतला, त्याचा पासपोर्ट भारतीय. तो कायमचा इथे राहायला आला आणि फेमाच्या दृष्टीने निवासी झाला, तशी त्याची ही अडचण संपली. आखातातून येणाऱ्यांचा आणि लंडनहून येणाऱ्यांचा मामला इथे वेगळा होतो. चहाच्या टपरीवर मिळणारा सल्ला बहुधा आखातवाल्यांच्या अनुभवावरचा असतो.

मग चुलतभावाने तोडगा काढला. "पैसे तू धाड, जमीन माझ्या नावार घेवया. घर तुझाच." तो माणूस सोन्यासारखा आहे, हे आधी सांगते. पण याला कायद्यात बेनामी व्यवहार म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षं कैद, बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड, आणि मालमत्ता सरकारजमा. नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर स्वतःच्या उघड पैशातून घेतलेल्याला सूट आहे. चुलतभाऊ त्यात बसत नाही. शिक्षा बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतो. भाऊ चांगला, त्याच्या जावयाचं काय? मी नाही म्हटलं, महिनाभर तो नीट बोलला नाही. तेवढं सोसायला हवं.

जमीन बिनशेती असली तरी सातबारा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर नावांची रांग असते, त्यातली निम्मी माणसं वारलेली, उरलेल्यांतली निम्मी मुंबईला. गावात राहणारा भाऊ "वाटणी झाली आहे, तो गडगा बघा ना" म्हणून हद्द दाखवतो. ती तोंडी वाटणी असते. रीतसर वाटप नसेल तर तुम्ही घेता तो फक्त त्याचा अविभक्त हिस्सा. राहतं घर एकत्र कुटुंबाचं असलं तर बाहेरच्या खरेदीदाराला त्या घरात इतरांच्या बरोबरीने ताबा मागता येत नाही. आधी वाटपाचा दावा लावा, मग वाट बघा. लग्न करून दिलेल्या आत्यांना कोणी विचारत नाही. २००५ ची वारसा कायद्याची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी मुलींचा जन्मापासूनचा हक्क पक्का केला आहे. त्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रं मागा. 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचं नाव किंवा देवस्थानाचा उल्लेख आहे का, तेही बघा. आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी कोणाच्या नावे आहे यावरून मालकी ठरत नाही, हे विक्रेत्याला पटवायच्या भानगडीत पडू नका. स्वतःला पटलं की पुरे.

समुद्राकाठच्या जागेला आणखी एक परीक्षा असते. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त वस्ती असलेल्या गावात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि त्याहून विरळ गावात २०० मीटर पट्टा विकासबंदीचा. आपली किनाऱ्यावरची गावं इतकी दाट कुठून असणार? या पट्ट्यात जुन्या घराची डागडुजी होते, नवा बंगला होत नाही. शेजारी बांधलेलं दिसतंय म्हणून तुम्हालाही परवानगी आहे, असं नाही. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर कुठे पडतो ते आधी काढून घ्या. देवबाग तर एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी वाळूची चिंचोळी पट्टी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा मालवणात कित्येक दिवस वीज नव्हती. ऐन पावसात जागा बघायला कोणी बोलवत नाही. तुम्ही स्वतः जा. विहिरीचं पाणी मात्र मे महिन्यात चाखा. खारं होतंय का ते तेव्हाच कळतं.

ब्रिटनहून येणाऱ्यांनी पैशाचा हिशेब वेगळा मांडावा. तिथली सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते, पण भारतात राहणाऱ्याची गोठते. अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये राहणाऱ्याची वाढते. आज भरपूर वाटणारी रक्कम पंधरा वर्षांनी तितकीच असेल, माडावर चढणाऱ्याची मजुरी नसेल. कायमचं निघाल्यावर एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, फुकट उपचारही संपतात. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलं, म्हणून घर बघताना मोजलं ते इस्पितळाचं अंतर. छातीत कळ आली तर मालवणहून ओरोस, आणि प्रकरण हाताबाहेरचं असेल तर गोव्यात बांबोळी, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त. रात्री, जुलैमध्ये.

शेवटी मी विकत काहीच घेतलं नाही. वारशाने मिळणाऱ्या शेतजमिनीला फेमाची आडकाठी नाही, म्हणून वडिलांच्या हिश्शाला वारस नोंद करून घेतली. सध्या कुडाळजवळ भाड्याच्या घरात राहते. रेल्वे जवळ, दवाखाना जवळ, समुद्र बसने. वडिलोपार्जित घराची कौलं उतरवून डागडुजी चालली आहे, ती मुलाच्या पैशातून. ते पैसे बँकेतूनच येतात आणि प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला मी फाईलला लावते, उद्या कुठून आले असं कोणी विचारलं तर. लंडनहून कोणाला मुखत्यारपत्र द्यायचं झालं तर ते एकाच कामापुरतं द्या. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे पाठवणाऱ्याच्या लक्षातच नसतं.

मुलाला ओसीआय कार्ड काढायला लावलं आहे आणि इथल्या मालमत्तेचं मृत्युपत्र इथेच केलं आहे. शेतजमिनीतला हिस्सा त्याला माझ्यामागे मिळेल, पण विकायचा झाला तर गिऱ्हाईक भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा, आणि तोही शेतकरी. असं गिऱ्हाईक बहुधा माझ्या चुलतभावाच्या घरातच निघेल. म्हणून गणपतीला आलास की मामांकडे आधी जा, असं मुलाला सांगून ठेवलं आहे.