शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटे



2024 च्या ऑक्टोबरमधील शेवटच्या रविवारची गोष्ट. मिस्सा संपली होती आणि आम्ही चार-पाच जण चर्चच्या पायऱ्यांवर बोलत उभे होतो. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातील एक मुलगी वही घेऊन आली आणि तिने विचारले, “आजचं पहिलं वाचन कशातलं होतं?” सिस्टरनी लिहून आणायला सांगितले होते. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आमच्यापैकी एकाने त्याच मिस्सात दुसरे वाचन वाचले होते, त्यामुळे इब्री लोकांस पत्र तेवढे आठवले. पहिल्याचे काय? कोणीतरी म्हणाले, “यशया असेल, लिही यशया.” मुलीने लिहून घेतले. घरी जाऊन पाहिले तर यिर्मया!

तासाभरापूर्वी ते वाचन संपताच आम्ही सर्वांनी मोठ्या आवाजात देवाचे आभार मानले होते. आभार कशाबद्दल मानले हे मात्र आमच्यातील एकालाही सांगता आले नाही.

स्मरणशक्तीला दोष देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण कालच्या क्रिकेट सामन्यातली शेवटची षटके आम्हाला पाठ होती. खरे कारण वेगळे आहे. आपण चर्चमध्ये शिरतो ते स्कूटर कुठे लावायची, मुलाची चप्पल कुठे राहिली, घरी भात कोण लावणार या विचारांसह. मन जागेवर येईपर्यंत पहिले वाचन संपून जाते. उशिरा येणाऱ्यांच्या पावलांचा आवाज तर सगळा त्याच वाचनावर पडतो. (हे लिहिणारेही कधीकधी त्या उशिरा येणाऱ्यांमध्ये असतात, हे कबूल केलेले बरे.)

त्या मुलीची वही आम्हाला लागली म्हणा ना. पुढच्या शनिवारपासून आमच्या वाडीतील तीन कुटुंबांनी एकत्र बसून उद्याची वाचने आदल्या दिवशी वाचायचे ठरवले. त्यातून जे शिकायला मिळाले ते येथे मांडत आहोत.

रविवारची वाचने कोणी मनाला येईल तशी निवडत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. बायबलचे भांडार श्रद्धावंतांसाठी अधिक उदारपणे उघडावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले. त्यानुसार 1969 साली नवी वाचनमाला आली. पूर्वी दरवर्षी तीच वाचने येत. आता रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे. पहिले वर्ष संत मत्तयचे, दुसरे संत मार्कचे, तिसरे संत लूकचे. ज्या सालाला तीनने पूर्ण भाग जातो ते लूकचे वर्ष, एवढे लक्षात ठेवले की पुरे. अर्थात उपासनेचे वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते, जानेवारीत नव्हे. संत योहानाला स्वतःचे वर्ष नाही, पण उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात तो वारंवार भेटतो. शिवाय मार्कचे शुभवर्तमान आकाराने लहान, म्हणून त्या वर्षी सामान्य काळात सलग पाच रविवार योहानाच्या सहाव्या अध्यायातून, म्हणजे जीवनाच्या भाकरीविषयीच्या अध्यायातून वाचन होते. “दर रविवारी भाकरीच का?” असे ज्यांना वाटत होते, त्यांना हे उत्तर.

दुसरी गोष्ट याहून उपयोगाची. पुनरुत्थानकाळात पहिले वाचन प्रेषितांच्या कृत्यांतून असते. सामान्य काळात मात्र ते जुन्या करारातून आणि त्या दिवशीच्या शुभवर्तमानाला जुळेल असे निवडलेले असते. दुसरे वाचन आपल्या वाटेने चालते; एखादे पत्र काही आठवडे थोडेथोडे वाचले जाते. त्यामुळे सामान्य काळात तिन्ही वाचने ओढूनताणून एका धाग्यात ओवायची गरज नसते. आम्ही पूर्वी तसे करायचो आणि थकायचो.

आता तो चुकलेला रविवार. पहिल्या शनिवारी आम्ही पुढची वाचने बाजूला ठेवून तीच काढली. आमच्यावर तेवढे देणे होते. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात प्रभू आपल्या विखुरलेल्या लोकांना दूरदेशाहून परत आणण्याचे वचन देतो. त्या घोळक्यात कोण आहेत? आंधळे आहेत, लंगडे आहेत, गरोदर बाया आहेत. लांबच्या प्रवासाला निघताना आपण ज्यांना “तुम्ही घरीच थांबा” म्हणतो, ती सगळी माणसे. आणि शुभवर्तमान होते मार्कच्या दहाव्या अध्यायातले, यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयाचे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली आणि आमच्या लक्षात आले की यिर्मयाने ज्या घोळक्याविषयी सांगितले, त्यातला एक जण यरीहोच्या वेशीबाहेर बसला होता.

मग आदल्या रविवारचे शुभवर्तमान पाहिले. तेही याच अध्यायातले, याच्या लगेच आधीचे. याकोब आणि योहान येशूकडे काही मागायला येतात. येशू त्यांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावे? त्यांना त्याच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा हव्या असतात. पुढे बार्तीमयालाही येशू हाच प्रश्न विचारतो. त्याला फक्त दिसायला हवे असते. प्रश्न एकच, तो तीन वर्षे सोबत राहिलेल्यांनाही विचारला आणि रस्त्यावरच्या भिकाऱ्यालाही. दोन रविवार वेगवेगळे ऐकले तर हे हातातून निसटते. आमच्या हातून ते किती वर्षे निसटले होते, कोण जाणे!

त्या रात्री आमच्यातील एका आजींना डगल्याने अडवून ठेवले. येशू बोलावतो आहे असे कळताच बार्तीमय आपला डगला टाकून उठतो, असे मार्क लिहितो. लूकमध्ये आणि मत्तयमध्ये हा डगला नाही, बार्तीमयाचे नावही नाही. आजी म्हणाल्या, “भिकाऱ्याकडे दुसरं काय असणार? रात्री पांघरायला तेच, दिवसा पुढ्यात पसरायला तेच. आंधळ्या माणसाने टाकलं तर परत शोधणार कसं?” आम्ही सगळे गप्प झालो. शाळेपासून ही कथा ऐकत आलो, पण अजून काही न दिसणारा माणूस, दृष्टी मिळण्याआधीच, परतीची सोय सोडून उठतो, हे आम्हाला कधी दिसले नव्हते. आजींच्या स्वतःच्या एका डोळ्याने आता फारसे दिसत नाही, हे सांगितले पाहिजे.

बाराव्या शतकातील ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने अशा वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसते राहणे. वाचनाला तो घास तोंडात घेण्याची आणि मननाला तो चावण्याची उपमा देतो. जुने मठवासी तर रवंथ हाच शब्द वापरत. गाय एकदा चरते आणि मग सावलीत बसून तेच पुन्हा पुन्हा चघळते. मिस्सात आपल्याला चरायला मिळते. रवंथासाठी वेळ आपल्यालाच काढावा लागतो. आम्ही मठवासी नाही. चौथ्या पायरीवर आमच्यातील कोणाला तरी डुलकी लागतेच. तिसरीवर मात्र आम्ही त्या दिवशी खरोखर अडलो.

ठरल्याप्रमाणे प्रत्येकाने येशूच्या प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात द्यायचे होते: मी तुझ्यासाठी काय करावे? दोन मिनिटे शांततेची. नंतर एक काका म्हणाले, “मला काही सुचलंच नाही. रोज रोझरीत मी पंचवीस गोष्टी मागतो. मुलाच्या नोकरीचं मागतो, गुडघ्याचं मागतो. पण त्याने समोर उभं राहून विचारलं तर नेमकं काय मागायचं, ते मला ठाऊक नाही.” त्यांना समजावण्याचा मोह आम्हाला झाला. बरे झाले, कोणी काही बोलले नाही. त्यांच्यासाठी आम्ही एक ‘नमो मरिया’ म्हटली आणि उठलो. काका त्यानंतर एकही शनिवार चुकलेले नाहीत. उत्तर सापडले का, असे आम्ही विचारलेले नाही.

हे सारे सोपे आहे असे नाही. पौलाची काही वाक्ये तीनदा वाचूनही कळत नाहीत. तेव्हा आम्ही वहीत खूण करतो आणि रविवारी फादरांना विचारतो. जुन्या अनुवादाची भाषा मुलांना जड जाते, म्हणून नव्या करारातील वाचने आम्ही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलातूनही एकदा वाचतो. आपल्या भाषेतून प्रभूची कथा वाचण्याची भूक काही आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला-ऐकायला काहीतरी हवे होते, त्या मागणीतून ते आले. आपल्या घरी आज बायबल आहे, बहुधा शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नात भेट मिळाले तसेच.

वाचकांना एक विनंती. आपले वाचन शनिवारी घरातल्या कोणासमोर तरी मोठ्याने वाचून पाहावे. नावे अडतात ती तिथेच अडू द्या.

सुरुवात करणाऱ्यांनी तिन्ही वाचने एकदम घेऊ नयेत. आधी शुभवर्तमान, मग पहिले वाचन, आणि वेळ उरला तरच दुसरे. रोझरीच्या आधी बसावे. नंतर बसलो तर जेवणाची घाई होते, हा आमचा अनुभव. आमच्याकडे शुभवर्तमान सर्वांत लहान मूल वाचते. वहीवाली ती मुलगी आता आमच्यातच असते. पहिले वाचन कशातले आहे हे ती आधी आम्हाला विचारते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुस्तक उघडू देत नाही.