दाराशी पट्ट्याची चप्पल

शांतता समितीत तुझं नाव आलं, बरं झालं बाय. सत्तावन्न म्हणजे या कामाला तसं कोवळंच वय, पण केस पिकलेत तेवढे पुरेत. आता ते रंगवू नकोस. वीस-बावीस वर्षांचं पोर हातात दगड घेऊन उभं असलं तरी पांढऱ्या केसांपुढे क्षणभर घुटमळतं. आपल्याला तेवढा क्षणच हवा असतो.

पोलीस ठाण्यातल्या बैठकीकडून फार आशा ठेवू नकोस. गणपतीच्या, मोहरमच्या आधी बोलावणं येतं. पुढच्या खुर्च्यांवर पुढारी, मागे भिंतीला लागून आपण दोघी-तिघी. भाषणं, चहा, फोटो. फोटोत उभी राहा, पण कडेला. नाहीतर उद्या कुणाच्या दारात गेलीस की आत कुजबूज होते, "पोलिसांच्या बाई आल्या." दोन गोष्टी मात्र तिथून घेतल्याशिवाय उठायचं नाही. एक, मिरवणुकीचा रस्ता आणि वेळ. दुसरी, बीटच्या हवालदाराचा नंबर. तो मोबाइलमध्ये नको, कागदावर लिहून पिठाच्या डब्यामागे चिकटव. भानगड होते तेव्हा नेमका मोबाइल चार्जिंगला असतो.

ही समितीची गोष्ट काही नवी नाही. भिवंडी म्हणजे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते गाव पोळलेलं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या, त्यात पुढारी टाळून त्याच गल्लीतली दोन्हीकडची साधी माणसं घेतली. पुढे १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत सुशोभा बर्वे, ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्या दंगलीच्या वेळी आम्ही जोगेश्वरीला भाड्यानं राहत होतो. राधाबाई चाळीची आग झाली त्या जानेवारीत शेजारणी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. महिन्याभरानं पहिल्यांदा बोलणं झालं ते नळावर. शांततेसाठी या म्हटलं असतं तर कुणी फिरकलं नसतं. पाणी कमी येतंय, अर्ज करायचाय म्हटल्यावर बुरखेवाल्याही आल्या, कुंकूवाल्याही आल्या. अर्जावर अठ्ठावीस अंगठे-सह्या झाल्या. पाणी काही वाढलं नाही, पण अठ्ठावीस घरच्या बायका एकमेकींना नावानं ओळखू लागल्या.

म्हणून कुणाच्या घरी पहिल्यांदा जाशील तेव्हा काही द्यायला जाऊ नकोस, मागायला जा. कढीपत्ता माग, विरजण माग. देणारी बाई वरचढ होते आणि घेणारी संकोचते. मागायला गेलीस की समोरचीला बरं वाटतं आणि वाटी परत द्यायला पुन्हा जाता येतं. आपल्या बोईसरात हे फिरणं कधी संपत नाही. तारापूर एमआयडीसीमुळे चाळीतली भाडेकरी माणसं सारखी बदलतात. आज गोरखपूरची, चार महिन्यांनी गंजामची. तेव्हा महिन्यातून एकदा फेरी ठरलेली असू दे.

अफवेचं मात्र नीट ऐक. १६ एप्रिल २०२० ला आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर पोलिसांच्या देखत मारले गेले. पोरं पळवणारी टोळी, चोर आलेत, हे त्या पट्ट्यात कितीतरी दिवस चाललं होतं. दोनच दिवस आधी एका डॉक्टरांच्या गाडीवरही हल्ला झाला होता. गावच्या सरपंच बाईंनी जमावाला थोपवायचा प्रयत्न केला, पण एकटी बाई किती पुरणार? त्या रात्री उशीर झाला होता. अफवा मोडायची ती आदल्या आठवड्यात, भाजी निवडताना. कुणी म्हणालं, "पोर पळवलं," तर "खोटं आहे" म्हणू नकोस, त्यानं माणूस अडून बसतो. एवढंच म्हण, "पोर गेलं म्हणजे कुणाची तरी आई रडत असेल. मला तिच्याकडे ने." मी आजवर चौघांना हे म्हटलंय. चौघांनाही नेता आलं नाही.

आणि वेळ आलीच तर उभी राहू नकोस, खाली बस. मागे बाजारात एक बाई अशीच घेरली होती. फाटकी पिशवी, पिशवीत लहान पोराचं झबलं. झालं! पंधरा-वीस पोरं, हातात मोबाइल. आम्ही तिघी वाट काढत आत शिरलो आणि तिच्याभोवती जमिनीवर फतकल मारून बसलो. बसलेल्या म्हातारीवर हात उगारायला वाकावं लागतं, आणि वाकायला लाज वाटते. शेजारी मुरबे गावची मासेवाली होती. तिनं बोंबलाच्या टोपलीखालचं पाणी पोरांच्या बुटांकडे सोडलं आणि ओरडली, "सरका रे, अंगावर जाल!" निम्मी गर्दी तिथेच विरळ झाली. मग कुणीतरी चाळीतली ओडिया सून बोलावून आणली. तेव्हा कळलं, बाई मुलाकडे आली होती, तो कंपनीत कामाला, आणि झबलं नातवाचं. चहा प्यायली तेव्हा बशी इतकी वाजत होती की मीच ती धरली.

कधी पोरं "परप्रांतीय, परप्रांतीय" करायला लागली तर भाषण देऊ नकोस. पालघरला काही काम काढ आणि सोबत ने. हुतात्मा स्तंभाशी थांबवून १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारातली पाच नावं मोठ्यानं वाचायला लाव. ठोसर, पागधरे, तिवारी, चुरी, मोरे. तिसऱ्या नावाशी पोरगं अडखळतं. तू काही बोलू नकोस, पुढे वडा-पाव खायला घाल.

भांडणात मुलाला हाक मारायची नाही, त्याच्या आईला मारायची. आणि दोन्हीकडच्या आयांना एकाच वेळी, नाहीतर "आधी तिच्याकडे गेलात" हे निराळंच भांडण उभं राहतं. तुझ्यासोबत नेहमी दुसऱ्या समाजाची एक हवी. एकटी गेलीस की तू कुणाची तरी बाजू होतेस.

एक मात्र सांगून ठेवते. नवऱ्यानं बायकोला मारलं, किंवा पाड्यावरच्या कुणाला जातीवरून हाणलं, तर "मिटवून टाका" म्हणत मध्ये पडू नकोस. लोक तुला त्यासाठीच बोलावतील, वर कौतुकही करतील. तिथं आपलं काम मार खाल्लेल्या माणसाबरोबर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायचं आणि तक्रारीचा कागद हातात पडेपर्यंत बाकावरून न उठायचं. मी एकदा एका बाईचं मिटवलं होतं. ती बाई पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

रात्री झोपताना पट्ट्याची चप्पल दाराशी ठेव, अंगठ्याची नको, पळताना निसटते. जोगेश्वरीला मी अनवाणी धावले होते. टाचेतली काच निघाली ती तिसऱ्या दिवशी. टॉर्चचे सेल दिवाळीला बदल. आणि घरात साखर असू दे, आपला हवालदार चहात तीन चमचे घेतो.