माळ्यावरच्या कॅबिनेटात नवा पीसी

प्रश्न : वडिलांनी १९९४-९५च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ४८६ संगणक जुळवून आणला होता. त्याचा उभा, मळकट पांढरा कॅबिनेट अजून माळ्यावर आहे. टर्बोचं बटण, किल्लीचं कुलूप, आकडे दाखवणारी छोटी खिडकी, सगळं शाबूत आहे. मला आता नवा पीसी जुळवायचा आहे. तो याच कॅबिनेटात बसवता येईल का? दुकानदार म्हणतो, 'मापंच जुळणार नाहीत, भंगारात देऊन टाका.'
– एक वाचक, अकोला

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका. नवा पीसी त्यात बसेल. दुकानदाराला जी अडचण वाटते ती बरीचशी नाहीच. खरी अडचण त्याने न सांगितलेल्या तीन ठिकाणी आहे : मागचा पत्रा, पुढचं चालू-बंदचं बटण आणि आतली हवा. या तिन्हींचा विचार आधी केलात, तर उरलेलं काम स्क्रूड्रायव्हर आणि कानस यांचं आहे.

आधी मापांचा गैरसमज काढून टाकू. १९८१मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी आणला. त्यानंतर १९८३च्या एक्सटीमध्ये कार्डांच्या आठ खाचा होत्या आणि दोन खाचांमधलं अंतर होतं २०.३२ मिलिमीटर. १९८४मध्ये एटी आला. जगभरच्या कारखान्यांनी या यंत्रांची मापं जशीच्या तशी उचलली, कारण त्यामुळे कोणाचाही बोर्ड कोणाच्याही कॅबिनेटात बसायचा. तुमच्या वडिलांना सुटे भाग आणून संगणक जुळवता आला, तो याच एकवाक्यतेमुळे. पुढे १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची नवी मांडणी आणली. तिने पुष्कळ काही बदललं, पण खाचांमधलं अंतर तेच ठेवलं. त्यामुळे आज विकत घेतलेल्या ग्राफिक्स कार्डाची पत्र्याची पट्टी तुमच्या जुन्या कॅबिनेटाच्या खाचेला त्याच जागी, तशाच स्क्रूने बसते. चार दशकांत संगणकाचं जवळजवळ सगळं बदललं, ही पट्टी मात्र टिकली. मला हे फार आवडतं.

मग अडतं कुठे? तुमचा कॅबिनेट बहुधा 'बेबी एटी' मापाच्या बोर्डासाठी केलेला आहे. हा बोर्ड मागच्या बाजूने सुमारे २१६ मिलिमीटर रुंद आणि आत सुमारे ३३० मिलिमीटर खोल असे. पूर्ण एटीएक्स बोर्ड मागच्या बाजूने ३०५ मिलिमीटर भरतो, म्हणजे तो वर असलेल्या एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) आदळणार. मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटरचा, म्हणजे २८ मिलिमीटर जास्त. एसएमपीएसच्या खाली तेवढी मोकळी जागा असली तर बसेल, नसली तर नाही. मिनी-आयटीएक्स मात्र १७० मिलिमीटरचा चौरस आहे. २००१मध्ये व्हिआ कंपनीने तो आणला. तो तुमच्या कॅबिनेटात बसून वर जागा उरते.

इथे एक हिशेब आधीच करून ठेवा, कारण तो चुकला की पत्रा चुकीच्या जागी कापला जातो. मिनी-आयटीएक्सला कार्डाची एकच खाच असते आणि ती बोर्डाच्या अगदी कडेला असते. आजची बरीचशी ग्राफिक्स कार्डं दोन खाचांइतकी जाड असतात, म्हणून दुसरी खाच बोर्डाच्या बाहेर, खालच्या बाजूला लागते. १७० अधिक साधारण २० म्हणजे १९० मिलिमीटर. तुमच्याकडे २१६ आहेत. म्हणून बोर्ड अगदी तळाशी न लावता एक खाच सोडून वर लावा. कार्डाच्या लांबीची काळजी सहसा नको. त्या काळी पूर्ण लांबीची कार्डं ३३ सेंटिमीटरच्या आसपास असायची आणि कॅबिनेट ती सामावून घेण्यासाठीच केलेले असत. आड येतो तो फ्लॉपीचा आणि हार्ड डिस्कचा पिंजरा, तेव्हा टेप लावून तेवढं मोजून घ्या.

बोर्ड पत्र्यावर थेट टेकवायचा नसतो. त्याच्या पाठीवरची डागाची टोकं धातूला लागली की शॉर्ट होतं. म्हणून मध्ये पितळी स्टँडऑफ लावतात आणि किमान सहा-साडेसहा मिलिमीटर अंतर ठेवतात. तुमच्या कॅबिनेटात यातले एक-दोनच पितळी असतील. बाकी पांढरे प्लॅस्टिकचे, खाचेत सरकवायचे. जुनी आणि नवी भोकं काही ठिकाणी जुळतात, सगळी जुळत नाहीत. न जुळणाऱ्यांसाठी नवा बोर्ड जागेवर धरून पेन्सिलीने खुणा करा, बोर्ड बाहेर काढून दूर ठेवा आणि मगच ड्रिल चालवा. लोखंडाचा कीस बोर्डाच्या आसपास एक कणही उडता कामा नये. भोकं पाडून झाली की पत्रा ओल्या फडक्याने पुसा, त्यावर चुंबक फिरवा, पूर्ण वाळू द्या.

आता मागचा पत्रा. तुमच्या ४८६ला मागे बोर्डाचं म्हणून एकच गोल भोक होतं, कीबोर्डचं. प्रिंटर आणि माउसची तोंडं वेगळ्या पट्ट्यांवर, कार्डांच्या खाचांतून बाहेर यायची. नव्या बोर्डावर ही सगळी तोंडं एका रांगेत बोर्डालाच जोडलेली असतात. त्यांना १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची चौकट लागते, आणि तुमच्या पत्र्यात ती नाही. वर सांगितल्याप्रमाणे बोर्ड लावला तर ही चौकट नेमकी वरच्या खाचांच्या आणि कीबोर्डच्या भोकाच्या जागी येते. म्हणजे खाचांमधल्या उभ्या पट्ट्या कापाव्या लागतील. त्या काळचा पत्रा आजच्या स्वस्त कॅबिनेटांपेक्षा जाड असतो, साध्या कात्रीने कापला जाणार नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडे मापं लिहून नेलीत तर तो ग्राइंडरने कापून कडा घासून देईल. कडा घासायला विसरू नका म्हणावं, हात कापतो.

कापायचं मन होत नसेल तर दुसरा मार्ग आहे. बोर्ड मागच्या पत्र्यापासून थोडा आत, वेगळ्या पत्र्यावर लावायचा आणि यूएसबी, एचडीएमआय, नेटवर्कची टोकं एक्स्टेन्शन केबलने जुन्या खाचांतून बाहेर काढायची. खोली ३३० मिलिमीटर आहे आणि बोर्ड १७०चा, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. मात्र बोर्ड आत सरकला की ग्राफिक्स कार्डही आत सरकतं, मागच्या खाचेपर्यंत पोचत नाही. ज्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लावायचंच नाही, त्याने हाच मार्ग घ्यावा असं माझं मत आहे. कॅबिनेट अखंड राहतो, उद्या जुना बोर्ड परत बसवावासा वाटला तर बसवता येतो.

पुढच्या बटणाबद्दल सांगतो ते नीट वाचा. एटी संगणकात चालू-बंदचं बटण म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणासारखंच थेट २३० व्होल्टचं बटण. एसएमपीएसमधून चार तारांची जाड केबल निघून पुढच्या पॅनेलपर्यंत येते आणि त्या बटणाला जोडलेली असते. तिच्यातून खरोखर घरातली वीज वाहते. नव्या बोर्डावर 'पॉवर स्विच' लिहिलेल्या दोन बारीक टाचण्या असतात. त्यांना ही तार चुकूनही जोडायची नाही. जोडलीत तर बोर्ड जळेलच आणि माणसालाही धोका आहे. भिंतीतला प्लग काढा, एसएमपीएसचे स्क्रू सोडवा आणि तो या केबलसकट बाहेर काढा. त्याचं आवरण उघडू नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही काही काळ भार धरून असतात.

'एसएमपीएस तर चालू आहे, तोच वापरू' हा विचार इथेच सोडून द्या. तो ५ आणि १२ व्होल्ट देतो. नव्या बोर्डाला ३.३ व्होल्ट लागतात, संगणक बंद असतानाही जागा राहणारा ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, आणि प्रोसेसर-ग्राफिक्ससाठी १२ व्होल्टवर जुन्याच्या कितीतरी पट करंट लागतो. बरी गोष्ट अशी, की त्या दशकातल्या पुष्कळ कॅबिनेटांत एसएमपीएसचं माप १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटर होतं आणि आजच्या एटीएक्स एसएमपीएसचंही तेच आहे. तुमचं माप तेवढंच असेल तर नवा एसएमपीएस त्याच चार स्क्रूंवर बसेल. जुना त्याहून मोठा निघाला, तर नवा बसवायला पत्र्याची एक जोडपट्टी करून घ्यावी लागेल.

आता नवा संगणक चालू कसा करायचा? जुनं बटण दाबलं की आतच अडकून राहतं, पुन्हा दाबलं की बाहेर येतं. नव्या बोर्डाला फक्त क्षणभराचा इशारा हवा असतो. इशारा चार-एक सेकंद तसाच राहिला तर तो 'जबरदस्तीने बंद करा' असा अर्थ घेतो. म्हणून अडकणारं बटण जोडलंत तर संगणक सुरू होईल आणि लगेच मावळेल, आणि तुम्ही बोर्डात बिघाड शोधत बसाल. सोपा उपाय तुमच्या कॅबिनेटावरच आहे. रीसेटचं बटण अडकणारं नसतं, सोडलं की परत येतं. त्याची दोन टोकं पॉवर स्विचच्या टाचण्यांवर लावा. रीसेटची गरज आता फारशी पडत नाही. मोठंच बटण हवं असेल तर त्याच मापाचं न अडकणारं बटण आणून त्या जागी बसवा.

कुलूपही कामाला लावता येतं. पूर्वी ते कीबोर्ड बंद करायचं. त्याच्या दोन तारा पॉवर बटणाच्या ओळीत जोडल्या की किल्ली एका बाजूला असतानाच संगणक सुरू होईल. जुन्या पद्धतीत कुलूप लावलं की जोड जुळायची, त्यामुळे तुमचं बटण बहुधा 'बंद'च्या खुणेवर चालेल. मल्टिमीटर लावून आधी पाहून घ्या.

त्या आकड्यांच्या खिडकीबद्दल पुष्कळांचा समज असतो, की ती संगणकाचा वेग मोजायची. ती काहीच मोजत नव्हती. जुळवणारा माणूस तिच्या पाठीवरच्या जंपरच्या टोप्या हलवून '६६' किंवा '३३' असा आकडा लावून द्यायचा आणि टर्बोचं बटण दाबलं की एका आकड्याऐवजी दुसरा दिसायचा. टर्बोही नावाच्या उलट होता. तो संगणक जास्त पळवण्यासाठी नव्हता. पहिल्या पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झ वेगावर बेतलेले खेळ नव्या यंत्रावर इतके धावायचे, की खेळताच यायचे नाहीत. म्हणून हे बटण यंत्राला मुद्दाम मंद करायचं. नव्या बोर्डाशी या खिडकीचं काही नातं नाही. तिला फक्त ५ व्होल्ट हवेत आणि ते एसएमपीएसच्या चार टोकांच्या जुन्या धाटणीच्या कनेक्टरवर, लाल तारेत मिळतात. जंपर फिरवून हवा तो आकडा ठेवा. वडिलांच्या वेळी होता तोच ठेवावा, असं मी सुचवेन.

हवेकडे वळू. ४८६ डीएक्स-२ प्रोसेसर साधारण पाच-सहा वॉट उष्णता सोडायचा. म्हणून तुमच्या कॅबिनेटात हवेसाठी तळाशी चार फटी आणि एसएमपीएसचा पंखा, एवढंच आहे. आजचा मध्यम प्रोसेसर ६५ वॉट गटातला असतो आणि काम वाढलं की त्याच्याही वर जातो. ग्राफिक्स कार्ड लावलंत तर शंभर-दीडशे वॉट आणखी. ही उष्णता बाहेर काढणारी वस्तू म्हणजे खोलीतली हवा, आणि कितीही महागडा कूलर लावला तरी पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो. पुण्यात चालणारी जुळणी तुमच्याकडे तशीच चालेल असं समजू नका. ६५ वॉटच्या वर जाऊ नका, आणि खेळांसाठी नको असेल तर ग्राफिक्स कार्ड घेऊच नका.

पंखे वाढवले की गारवा वाढतो, हाही एक समज. बाहेर फेकणारे चार पंखे लावले आणि आत यायला वाट नसेल तर ते नुसते गुरगुरतात. आधी वाट करा. सीडी ड्राइव्हच्या एका कप्प्याची उंची ४१.३ मिलिमीटर असते. असे तीन कप्पे एकाखाली एक असतील तर १२४ मिलिमीटर होतात, आणि १२० मिलिमीटरचा पंखा त्यांत नेमका मावतो. पुढची प्लॅस्टिकची झाकणं जपून ठेवा, त्यांच्या जागी बारीक जाळी लावा आणि पंखा आत हवा घेईल असा बसवा. जाळी दर महिन्याला झटकावी लागेल. प्रोसेसरचा कूलर घेण्याआधी बोर्ड आणि त्याच्यावरचा अडथळा यांतलं अंतर मोजा. काही छोट्या टॉवरांत एसएमपीएस बोर्डाच्या अगदी डोक्यावर येतो. ३७ मिलिमीटर उंचीचे बुटके कूलरही मिळतात.

कॅबिनेटाच्या प्लॅस्टिकवर पिवळेपणा आला असेल तर तो घासून जाणार नाही, तो मळ नाहीच. ऊन, उष्णता आणि हवा यांनी प्लॅस्टिकच बदललेलं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की रंग उजळतो. हातमोजे आणि चष्मा घालून करा. काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो. मी असतो तर तसाच ठेवला असता.

शेवटी एक काम, नवं काही विकत घेण्याआधीचं. जुना ४८६ बोर्ड अजून आत असेल तर त्यावर निळ्या रंगाची, पिंपासारखी छोटी बॅटरी आहे का पाहा. ती कालांतराने झिरपते आणि आजूबाजूचं तांबं खाऊन टाकते. ती आजच कापून काढा, डाग पडले असतील तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा, मग पाण्याने पुसून वाळवा. त्यानंतर बोर्ड, रॅम आणि कार्डं अँटिस्टॅटिक पिशवीत घालून ठेवा. अशा बोर्डांच्या शोधात असलेले हौशी लोक पुष्कळ आहेत. आणि कॅबिनेटावर आयबीएमचं किंवा आपल्याकडच्या एचसीएलच्या बिझीबीचं नाव असेल, तर पत्रा कापू नका. तुमचा पीसी केबलच्या मार्गानेच बसवा.