मेंदूविषयीचे काही गैरसमज

माणूस आपल्या मेंदूचा केवळ १० टक्के भाग वापरतो, हे विधान आपण अनेकदा ऐकतो. ते खरे नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. निद्रेतही त्याचे कार्य थांबत नाही. निरुपयोगी भागाचे असे लाड शरीराने कशाला पुरवले असते?

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. वय वाढले की मेंदू नवे काही स्वीकारत नाही, या समजुतीपायी कित्येकांनी सुटलेली शाळा पुन्हा धरली नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर चाळिशीतल्यांनाही ऐकवली जाते! लंडनमध्ये टॅक्सीचालकाचा परवाना मिळवण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते मुखोद्गत करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा प्रौढ उमेदवारांच्या मेंदूच्या प्रतिमा प्रशिक्षणापूर्वी व नंतर घेतल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात, उत्तीर्ण झालेल्यांच्या मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ या स्मृतीशी निगडित भागाच्या मागील बाजूस करड्या द्रव्याची वाढ झालेली आढळली. अनुत्तीर्णांत ती आढळली नाही. या अभ्यासाला तीन-चार वर्षे लागतात, आणि त्याची तोंडी परीक्षा अनेक वेळा द्यावी लागते.